उतारावर सुटणारा दुसरा गिअर

चढावर दुसरा गिअर ठाम बसून राहतो आणि उतारावर मात्र आपोआप सुटतो. असं का होत असेल, या एका प्रश्नापायी मी घराच्या पडवीत अख्खा गिअरबॉक्स खोलून बसले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. त्याआधी कधी गाडीखाली शिरले नव्हते.

जीप वडिलांची, १९७४ ची महिंद्रा सीजे ३बी, पेट्रोलवर चालणारी. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीकडे जाताना वडील दुसरा गिअर टाकत आणि हात दांड्यावरच ठेवत. हात काढला की एखाद्या वळणावर ‘खट्’ असा आवाज व्हायचा, दांडा न्यूट्रलला यायचा, इंजिनाचा सूर खाली बसायचा आणि गाडी मोकळी सुटायची. लहानपणी मला तो गाडीचा स्वभाव वाटे. वडील गेल्यावर गाडी माझ्या हातात आली आणि त्याच वळणांवर मला धास्ती वाटू लागली. घाटात इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, म्हणून ब्रेक तापत नाहीत. तो धर ऐन उतारावर सुटला की सगळा भार चार जुन्या ड्रमवर येतो.

आधी चार ठिकाणी विचारलं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘वरची स्प्रिंग मऊ पडलीय, तासाभराचं काम.’ स्प्रिंग बदलली, गिअर सुटतच राहिला. दुसऱ्याने सुचवलं की हा तीन गिअरचा बॉक्स काढून टाका आणि नंतरच्या महिंद्रा गाड्यांचा चार गिअरचा बसवा. सल्ला सोयीचा होता. पण मला वडिलांची जीप वडिलांच्याच गिअरबॉक्सवर चालवायची होती.

शेवटी माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांकडे, मिस्त्रीमामांकडे, गेले. त्यांची उमर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आणि जीपच्या बॉक्सवर गेलेली. आता गुडघे धरतात, खाली बसता येत नाही. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘उतारावर सुटतो की चढावर?’ उतारावर म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मग स्प्रिंगला कशाला दोष देता बाई? स्प्रिंग गिअर धरत न्हाई, दात धरत्यात. खोलायला लागंल. माझ्यानं वाकवत न्हाई. तुम्ही खोला, मी खुर्चीवर बसून सांगतो.’

मी हो म्हटलं खरं. पण खोलायचं म्हणजे काय, याची मला तेव्हा कल्पनाच नव्हती.

ही जीप मुळात अमेरिकेतल्या विलिसची. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. सीजे ३बी अमेरिकेत १९६८ साली बंद झाली, तरी आपल्याकडे ती पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, बीडीओ, निवडणुकीतला उमेदवार, सगळे हिच्यातूनच फिरले. इंजिन २.२ लिटरचं, ७२ अश्वशक्तीचं. त्यामागे जो गिअरबॉक्स आहे त्याचं नाव टी-९०. मूळ बनवणारी अमेरिकेची वॉर्नर गिअर. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये नागरी जीप आली तेव्हापासून हा बॉक्स जीपमध्ये आहे. पुढे जायला तीन गिअर, मागे जायला एक. दुसऱ्या आणि तिसऱ्याला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणारी सोय, आहे; पहिल्याला नाही. म्हणून गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर डबल क्लच करावा लागतो, म्हणजे मध्ये न्यूट्रलला थांबून क्लच दोनदा दाबावा लागतो, नाहीतर दात कराकरा वाजतात. एवढं मला वडिलांनी चालवायला शिकवताना सांगितलं होतं. बाकी सगळं अंधारात.

जीपचं जुनं इंग्रजी सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं. त्यात प्रत्येक भागाला क्रमांक दिलेलं एक चित्र आहे, सगळे भाग एका रेषेत सुटे मांडलेले. ते चित्र मी कितीदा पाहिलं असेल, पण प्रत्यक्ष बॉक्स समोर आला तेव्हा एकही भाग ओळखू येईना. चित्रात सगळं स्वच्छ आणि एकमेकांपासून लांब असतं. इथे काळं तेल, त्यावर घाटातली लाल माती, आणि सगळं एकमेकांत रुतलेलं.

बॉक्स उतरवण्याबद्दल फार सांगत नाही. कष्टाचं काम आहे, पण अवघड नाही. गाडी घोड्यांवर घेतली, चाकांना दगड लावले, तेल सोडलं. पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला. हँडब्रेकचा ड्रम या जीपला चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या, मागे असतो, त्यामुळे त्याची जोडणी सोडावी लागली. मग स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी, दांडे, मधला आडवा सपोर्ट. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावला, कारण मागचा आधार निघाला की इंजिन मागच्या बाजूला कलतं. माझा भाचा मदतीला होता. बॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली येतात आणि वजन चांगलंच असतं. ट्रॉली जॅकवर घेऊन दोघांनी मागे सरकवत आणलं. ‘मावशी, पाय लांब ठेव’, हे तो सारखं बजावत होता आणि ते बरोबरच होतं.

खरी गोष्ट पडवीत सुरू झाली.

टी-९० आणि मागची ट्रान्सफर केस वेगळी करताना मिस्त्रीमामांनी मला थांबवलं आणि बांधकामाची बारीक तार मागितली. वरचं झाकण, म्हणजे गिअरच्या दांड्याचं घर, आधीच काढलेलं होतं. ट्रान्सफर केसमध्ये जाणारं चाक मेनशाफ्टच्या, म्हणजे बॉक्समधल्या वरच्या मुख्य शाफ्टच्या, मागच्या टोकावर बसतं. त्याचा नट स्प्लिट पिन काढून सोडला होता आणि चाक ओढून घेतलं होतं. आता फक्त बोल्ट काढायचे आणि केस मागे ओढायची, असं मला वाटत होतं. पण केस ओढली की तिच्याबरोबर मेनशाफ्टही मागे ओढला जातो. त्या शाफ्टवर दुसऱ्या गिअरचं चाक, सिंक्रो, रिंगा असं सगळं ओवलेलं असतं. शाफ्ट निघाला तर ते सगळं बॉक्सच्या आतच सैल होऊन पडतं. म्हणून तारेचा फास दुसऱ्या गिअरच्या चाकाच्या लगेच मागे शाफ्टभोवती घालायचा आणि तिची दोन्ही टोकं पुढच्या बाजूला झाकणाच्या डाव्या-उजव्या बोल्टच्या भोकांत बोल्ट लावून आवळायची. तार शाफ्टला धरून ठेवते आणि केस एकटीच मागे येते. नंतर मॅन्युअल उघडून पाहिलं, तर हीच तार तिथेही सांगितलेली होती. मी ते पान वाचून गेले होते. तार कशासाठी, हे कळलं नव्हतं म्हणून ती डोक्यात राहिली नव्हती. त्या दिवसापासून मॅन्युअलमधली प्रत्येक सूचना वाचताना मी ‘का’ असा प्रश्न वहीत लिहायला लागले आणि उत्तर मामांना विचारायला लागले.

बॉक्समधून निघालेलं तेल मी फेकून देणार होते. मामांनी ते पांढऱ्या ताटलीत ओतायला लावलं आणि ताटली उन्हात धरून कलती केली. तेलाच्या कडेला सोनेरी चकाकी दिसली, अगदी बारीक, भुकटीसारखी. ‘ही कांश्याची,’ ते म्हणाले, ‘सिंक्रोच्या रिंगेची. लोखंडाची कपची असती तर दात तुटलेला असता.’ मग चुंबक फिरवलं. चुंबकाला थोडा काळा गाळ लागला, कपची एकही नाही. आतले भाग काढायच्या आधीच तेलाने अर्धं निदान सांगून टाकलं होतं.

मग आतलं. मागच्या बाजूला एक छोटी पट्टी खालच्या काउंटर शाफ्टच्या आणि रिव्हर्सच्या शाफ्टच्या खाचांत बसलेली असते. ती दोन्ही शाफ्ट फिरू देत नाही. ती काढली. काउंटर शाफ्ट मागच्या बाजूला ठोकून काढायचा असतो. त्यावर जे लांब चाक फिरतं, क्लस्टर म्हणतात ते, ते खुल्या सुयांवर फिरतं. बेअरिंगचा पिंजरा वगैरे काही नाही. शाफ्टभोवती नुसत्या सुट्या सुया शेजारी शेजारी लावलेल्या. शाफ्ट निघाला की त्या सगळ्या बॉक्सच्या तळाला पडतात. म्हणून मामांनी आदल्या दिवशीच नातवाकरवी लेथवर एक डमी शाफ्ट करवून घेतला होता. जाडीला मूळ शाफ्टपेक्षा किंचित कमी, लांबीला बॉक्सच्या आतल्या मापापेक्षा जरा आखूड. मूळ शाफ्ट मागे सरकतो तसतसा त्याच्या मागोमाग हा डमी आत सरकवायचा. सुयांना कळतसुद्धा नाही की आधार बदलला. डमी आत गेला की क्लस्टर त्याच्यासकट तळाशी उतरतं, मेनशाफ्टला वाट मोकळी होते आणि तो वरच्या तोंडातून अलगद उचलता येतो. पितळी दांड्यावर हातोडी मारताना माझा हात जड होता. मामा खुर्चीवरून नुसता आवाज ऐकत होते. ‘सरकतोय’, ‘अडकला, थांबा’, ‘आता मारा’ असं डोळे मिटून सांगत होते.

काढलेला प्रत्येक भाग मी जुन्या चादरीवर निघाला त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने मांडला. खडूने बाण काढला, पुढची बाजू कुठली ते लिहिलं, मोबाइलवर फोटो घेतले. कोणता वॉशर कोणत्या टोकाचा, हे नंतर आठवत नाही. वॉशर दिसायला सारखे असतात आणि जाडीला वेगळे.

रॉकेलने धुतल्यावर धातू दिसायला लागला. तिथून पुढे माझा गोंधळ ओसरत गेला आणि आनंद सुरू झाला. पहिल्यांदाच कळलं की शक्ती कुठून कुठे जाते. इंजिनाकडून येणारा शाफ्ट खालच्या क्लस्टरला फिरवतो. क्लस्टर वरच्या चाकांना फिरवतं. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र इंजिनाकडचा शाफ्ट आणि मेनशाफ्ट थेट एकमेकांना जोडले जातात, खालची चाकं नुसती फिरत राहतात. पुढे बॉक्स पुन्हा जुळल्यावर मी दोन्ही टोकांना खडूची खूण करून हाताने फिरवून पाहिलं. पहिल्या गिअरला पुढचा शाफ्ट जवळजवळ तीन फेरे फिरला तेव्हा मागचा एक फिरला. मॅन्युअलमध्ये हे प्रमाण २.७९८ आहे, दुसऱ्याला १.५५१ आणि तिसऱ्याला एकास एक. मी वर्गात गुणोत्तर शिकवते. ते असं हाताला जाणवलं तेव्हा फार बरं वाटलं.

आता दुसरा गिअर. त्याचं चाक कायम क्लस्टरशी गुंतलेलं असतं आणि मेनशाफ्टवर मोकळं फिरत असतं. गिअर टाकतो तेव्हा सिंक्रोची स्लीव्ह सरकते आणि चाकाच्या कडेला असलेल्या बारीक दातांच्या रांगेत शिरते. मग चाक आणि शाफ्ट एक होतात. गाडी खेचण्याचं आणि धरण्याचं सगळं बळ त्या बारीक दातांवर असतं. मामांनी चाक हातात घेतलं, फडक्याने पुसलं आणि माझ्याकडे दिलं. ‘नखानं बगा. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.’

मी नख फिरवलं. प्रत्येक दाताची एक बाजू सरळ होती, कड नखाला टोचत होती. दुसरी बाजू गोलावलेली, गुळगुळीत आणि तोंडाकडे उतरती झालेली. उन्हात धरल्यावर तीच बाजू चकाकत होती. स्लीव्हच्या आतल्या दातांवर त्याला जुळणारी तशीच झीज.

तिथे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. चढावर इंजिन गाडीच्या चाकांना ओढतं. तेव्हा स्लीव्हचे आणि गिअरचे दात एका बाजूने एकमेकांवर दाबलेले असतात, आणि ती बाजू शाबूत आहे. उतारावर उलटं होतं. गाडीची चाकं इंजिनाला फिरवतात, म्हणून दात दुसऱ्या बाजूने दाबले जातात. ती बाजू उतरती झालेली असेल तर दाबाचा काही भाग स्लीव्हला बाहेर ढकलतो. जेवढा उतार तीव्र, तेवढा धक्का मोठा. त्यातच या चाकाचे मुख्य दात तिरपे कापलेले आहेत. तिरप्या दातांमुळे चाक स्वतःही शाफ्टवर सरकायला बघतं, चढावर एका दिशेला आणि उतारावर विरुद्ध दिशेला. वॉशर झिजले असतील तर ते सरकतंही. बिचारी स्प्रिंग आणि तिच्यापुढची गोळी फक्त स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कच्या दांड्याला खाचेत टेकवून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. या जोरापुढे त्यांचं काय चालणार! वडील करूळ घाटात दांडा हाताने दाबून धरत, तेव्हा ते या दातांशीच झगडत होते. त्यांना हे चाक दाखवता आलं असतं तर फार आवडलं असतं.

सिंक्रोच्या कांस्य रिंगांची परीक्षा मामांनी सोप्या रीतीने घेतली. रिंग कोरडी पुसून चाकाच्या निमुळत्या भागावर दाबली आणि फिरवून पाहिली. चांगली रिंग तिथे पकडते. तिच्या आत बारीक आटे असतात, ते तेल कापून बाजूला सारतात आणि मग घर्षणाने दोन्हींचा वेग एक होतो. माझ्या दुसऱ्या गिअरच्या रिंगेचे आटे पार घासून गेले होते, ती चाकावर घसरत होती. तिसऱ्याची बरी होती. तरी दोन्ही बदलायच्या ठरल्या. मेनशाफ्टचं पुढचं टोक इंजिनाकडच्या शाफ्टच्या पोकळीत ज्या रोलरवर फिरतं, ते हाताला खडबडीत लागले. तिथे खेळ असला की मेनशाफ्ट डुलतो आणि गिअर सुटायला आणखी एक कारण मिळतं.

सुट्या भागांसाठी कोल्हापुरात शोधलं, मग पुण्याला नाना पेठेत गेले. जुने भाग पिशवीत घालून नेले, हा मामांचा आग्रह. दुकानदाराने डब्यातलं नवं दुसऱ्या गिअरचं चाक काढलं आणि म्हणाला, ‘टी-९०चंच आहे ताई, घेऊन जा.’ मी जुनं चाक शेजारी ठेवून दातांची संख्या मोजली, भोकाचं माप बघितलं, मग नवी स्लीव्ह त्याच्या बारीक दातांवर सरकवून पाहिली. पहिलं चाक घट्ट बसत होतं, एका जागी अडत होतं. दुसरं सहज सरकलं. दुकानदार चिडला नाही. उलट आतून आणखी एक डबा घेऊन आला. भारतात बनलेले जीपचे भाग अजूनही मिळतात आणि परदेशातल्या जुन्या जीपवाल्यांकडेही जातात, पण प्रत्येक नगाची घडण सारखी नसते. दुकानातच जुळवून घेतलेलं बरं.

बसवणं हे खोलण्याच्या उलट, असं सगळे सांगतात. मला ते पटलं नाही. खोलताना गुरुत्वाकर्षण मदत करतं, बसवताना माप लागतं.

क्लस्टरच्या पोकळीत ग्रीस लावून एकेक सुई उभी करायची. ग्रीसमुळे ती चिकटून राहते. शेवटची सुई बसते तेव्हा जागा अगदी थोडी उरते. सुईएवढी जागा मोकळी राहिली तर समजायचं, एक कमी आहे. मी हे काम रात्री दिव्याखाली, दार लावून, पंखा बंद करून केलं. वेळ फार लागला. पण अख्ख्या कामात मला सर्वांत आवडलेला भाग हाच. सुया बसल्या की डमी शाफ्ट घालायचा, टोकांना वॉशर लावायचे आणि क्लस्टर तळाशी उतरवायचं.

मग मापं. क्लस्टरचा आडवा खेळ, म्हणजे बॉक्सच्या दोन भिंतींमध्ये ते किती पुढेमागे सरकतं, मॅन्युअलप्रमाणे ०.०१२ ते ०.०१८ इंच हवा. मिलिमीटरमध्ये सुमारे ०.३० ते ०.४६. जुन्या वॉशरवर फिलर गेजची ०.०३० इंचाची पट्टी आरामात आत जात होती. नव्या वॉशरने ०.०१५ वर आलं. पट्टी ओढताना जी किंचित अडते, ती ‘अडणं’ म्हणजे किती, हे मामांनी माझं बोट धरून शिकवलं. हे कुठल्याही पुस्तकात लिहिता येणार नाही.

सिंक्रो जुळवताना दोन गोल स्प्रिंगा असतात, स्लीव्हच्या आतल्या हबच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्या आतल्या तीन पट्ट्यांना बाहेर दाबतात. दोन्ही स्प्रिंगांचा ताण एकमेकींच्या उलट दिशेला यायला हवा, म्हणजे पट्ट्यांवर दाब सारखा पडतो. स्लीव्ह आणि हब जोडीने बसतात, म्हणून नव्या संचाची जोडी मोडली नाही. झाकणात दोन फोर्कच्या दांड्यांमध्ये एक बोटभरही नसलेली छोटी पिन असते. तिचं काम एकच. एक दांडा सरकला की दुसऱ्याला अडवून ठेवायचं. ती नसली तर दोन गिअर एकदम पडतील आणि बॉक्स जागीच जॅम होईल. ती बसली की नाही, मी परत परत तपासलं. झाकण बसवताना फोर्क आपापल्या खाचेत उतरले की दांडा हलवून चारही जागा घेऊन बघायच्या, एकीकडे पुढचा शाफ्ट हाताने फिरवत राहायचा.

तेलाचं मात्र ठासून सांगते. या बॉक्सला ९० नंबरचं तेल लागतं, पण दुकानात डिफरन्शियलचं जीएल-५ चटकन पुढे करतात. त्यात दातांवरचा प्रचंड दाब सहन व्हावा म्हणून गंधक-फॉस्फरसची जी रसायनं जास्त घातलेली असतात, त्यातली काही कांस्य आणि पितळेला खातात. सिंक्रोच्या रिंगा कांस्याच्या. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ घ्यायचं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

बॉक्स परत चढवताना बेल हाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत बोल्टऐवजी डोकं कापलेले लांब स्टड लावले. त्यांच्या आधाराने बॉक्स सरळ पुढे सरकला आणि शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत शिरला. क्लच प्लेटही त्याच वेळी नवी टाकली होती. ती मधोमध बसवायला मामांकडे एक जुना, दात गेलेला इंजिनाकडचा शाफ्ट होता. भंगारातला तो तुकडा त्यांनी वर्षानुवर्षं याच कामासाठी जपून ठेवलेला.

आधी गावातल्या सपाट रस्त्यावर फिरवली. बॉक्सला नवा, घट्ट असा गुणगुणता आवाज होता. तो मामांनी शेजारी बसून ऐकला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक होतं. तेल बदलून घेतलं, पुन्हा ताटलीत बघितलं. मग करूळ घाट. भाचा मागे, मामा शेजारी. पहिल्या तीव्र उतारावर दुसरा टाकला आणि हात स्टिअरिंगवर ठेवला. इंजिनाचा सूर चढला, गाडी ओढून धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. एकामागून एक वळणं गेली. दांडा जागचा हलला नाही. खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचे ड्रम हात लावण्याइतके गार होते. पहिल्या गिअरला अजूनही डबल क्लच लागतो. त्याला सिंक्रो मुळातच नाही.

जुनं दुसऱ्या गिअरचं चाक शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलं आहे. बलाची दिशा शिकवताना मुलं त्यावर नख फिरवून बघतात.

ज्यांच्या घरी अशी जीप आहे त्यांना सांगते. दुसरा सुटत असेल तर स्प्रिंगवर पैसे घालवू नका. बॉक्स उघडा, दाताच्या दोन्ही बाजू बघा, मग काय घ्यायचं ते ठरवा. निघालेले भाग नवे जुळेपर्यंत भंगारात देऊ नका. आणि टी-९० हाताखालून गेलेला एखादा मिस्त्री तुमच्या गावात असेल तर त्याच्याकडे याच महिन्यात वही घेऊन जा. असे मिस्त्री आता थोडे उरलेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे गुडघे धरतात.